लाहेची भाकर

नदी उतरली, बांधाचे दगड उघडे पडले आणि शिंदवण्याच्या माणसांनी फावडी बाहेर काढली. दसऱ्यामागं दरसाल हेच काम. सातपुड्यातून पावसाळाभर वाहून आलेला गाळ पाटात बसायचा, त्यावर लव्हाळं माजायचं, आणि ज्याचं वावर फडात, म्हणजे पाटाच्या पाण्याखाली, त्यानं आपल्या वाट्याचा पाट आपण उपसायचा. एखाद्याचा वाटा गाळात राहिलाच तर बाकीचे मिळून तो मोकळा करत, पण मग त्या धन्याच्या वावरात पाणी शिरायचं तोंड, बारं, मातीनं लिंपलं जाई, ते सालभर उघडत नसे. यात कुणाचं वैर नव्हतं. आजा-पणजांनी घातलेला नेम होता आणि तो पाळला म्हणून पाट वाहत होता.

छगनचा वाटा लांबीला सगळ्यांत मोठा. थोरल्या भावाचा आणि त्याचा, असे दोन वाटे एकाला एक लागून होते. मागच्या साली मानमोडी तापाच्या साथीत थोरला गेला, त्याच्यामागं त्याची बायको गेली. घरात उरले छगन, त्याची बायको कमलबाई आणि म्हातारा बाप भाईदास. त्यात पोळ्याच्या सुमाराला वखराची पास छगनच्या पायावर बसली. जखम वरून मिटली, आतून मिटली नाही. रात्री पाय ठणकायचा, सकाळी टाच टेकायची नाही.

तरी तो गेला. फावडं टेकत टेकत पाटात उतरला, गाळात गुडघाभर रुतला आणि दुखरा पाय उपसताना तोंडावर पडला. शेजारच्या वाट्यावर माणसं होती. कुणी हसलं नाही. तेच त्याला जास्त लागलं. दोघांनी येऊन त्याला बखोटीला धरून काठावर बसवलं, त्याच्या तोंडावरचा गाळ आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा आपापल्या कामाला लागले. कमलबाई टोपलं घेऊन आली होती. ती पाटात उतरली आणि दिवस मावळेपर्यंत एकटी उपसत राहिली. संध्याकाळी मागं वळून पाहिलं तर म्हैस बसून उठावी एवढीच जागा मोकळी झाली होती.

मजूर शोधायला छगन गावभर फिरला. साथीनं घराघरातली माणसं नेली होती. जी राहिली ती बाजरीच्या कापणीला जुंपलेली. गावचा पाटील नथ्थू हा फडाच्या पंचातला थोरला. त्याच्या ओट्यावर छगन जाऊन बसला तेव्हा पाटलानं त्याला पाणी दिलं, पायाची विचारपूस केली, आणि शेवटी सांगितलं की नेम एकासाठी मोडला तर उद्या कुणीच पाटात उतरणार नाही. सप्ताहाच्या काल्याच्या दिवशी दिवस कलला की उखा पाटकरी पाणी सोडणार. तोवर वाटा मोकळा झाला तर बरं.

ते न झालं तर काय, हे छगनला कुणी सांगायला नको होतं. मागचं साल पावसानं नेलं होतं. हे साल कोरडं गेलं तर बैल विकून खांडबाऱ्याच्या स्टेशनात लाकडं चढवायला जायचं. आणि हा पाय घेऊन लाकडं कोण चढवू देणार? तो अंथरुणावर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहायचा. उठायचा, अंगणात यायचा, बैलांपुढची वैरण उगाच हलवायचा, परत जायचा.

अशात एक दिवस वरच्या पाड्याचा रायसिंग बांबूचा भारा घेऊन खाली आला. दर हिवाळ्याला तो टोपल्या, चटया, डिंक घेऊन उतरायचा आणि भाईदासच्या खळ्यात मुक्काम करायचा. थोरल्याच्या वेळी गावात खांदा द्यायला माणसं मिळेनात, घरोघर तीच गत; तेव्हा रायसिंग आणि त्याचा भाऊ दिवाल्या न बोलावता पुढं झाले होते. पुढं महिन्याभरानं दिवाल्याही त्याच साथीत गेला.

रायसिंगनं पाट पाहिला, पाय पाहिला. खळ्यात टेकून चिलीम भरली आणि म्हणाला, "लाह बलाव."

छगनला ते नीटसं माहीत नव्हतं. रायसिंगनं सांगितलं ते असं, की आमच्याकडं कुणाचं काम अडलं तर तो लाह बोलावतो. मग घरटी एक माणूस येतो, काम उरकून जातो. ज्याचं काम, त्यानं जेवू घालायचं. बस.

"बस?" छगननं विचारलं.

"बस," रायसिंग म्हणाला.

भाईदासनं आतून ऐकलं. म्हाताऱ्याला कमी दिसायचं, ऐकू मात्र सगळं यायचं. सारा जन्म त्यानं कीर्तनात उभं राहून काढला होता. गावाच्या सप्ताहात दुपारचा वीणा त्याचाच, आणि काल्याच्या दिवशी दिंडीपुढं वीणा घेऊन चालायचा मानही त्याचाच. त्याचे डोळे भरून आले. देव कोणत्या रूपानं येतो ते कळत नाही, असं तो कमलबाईला म्हणाला, आणि कणगीतली ज्वारी काढायला सांगितली. खाणाऱ्याला कमी पडू द्यायचं नाही.

सप्ताह बसला, आणि काल्याला तीन दिवस राहिले असताना लाह आली. दव पडलं होतं, पाटाच्या काठचं गवत ओलं होतं, आणि टेकडीवरून ओळीनं माणसं उतरताना दिसली. खांद्याला कुदळी, बायांच्या डोक्यावर टोपली. पुढं रायसिंग, त्याची बायको कालीबाई आणि पाड्याचा कारभारी जालमसिंग. हा म्हातारा हातात काठी घेऊन आला होता, पण आल्याबरोबर काठी बाभळीला टेकवून त्यानं फावडं मागितलं. एकानं गाणं धरलं, दुसऱ्यांनी उचललं, आणि गाण्याच्या तालावर टोपली हातोहात वर जाऊ लागली. कुणी रुतलं की बाया हसायच्या. गाळात सापडलेला खेकडा एकीनं दुसरीच्या पाठीत सोडला. शेजारच्या वाट्यावरची माणसं फावडी टेकून बघत उभी राहिली. छगन काठावर बसून होता. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याला पायाचा विसर पडला.

दुपारी कमलबाईनं भाकरी, उडदाची डाळ आणि मिरच्यांचा ठेचा आणला. पळसाची पानं मांडून बाभळीखाली सगळ्यांना वाढलं, वरून हात उंच धरून. शिवाशिव नको म्हणून तिनं मुद्दाम काही केलं असं नव्हतं, तिचा हातच तसा वळलेला होता. वाढून झालं तशी ती आणि छगन जेवायला घरी गेली. माणसं थोडा वेळ पानांकडं बघत बसली. मग जालमसिंगनं घास घेतला, तेव्हा बाकीच्यांनी घेतला. दुपारनंतर गाणं झालं नाही.

संध्याकाळी भाईदास स्वतः काठी टेकत आला. मागं कमलबाईच्या डोक्यावर ज्वारीचं टोपलं. म्हाताऱ्यानं माप घेतलं आणि एकेकाच्या पदरात, एकेकाच्या धोतराच्या ओच्यात शिगोशीग दाणे ओतले. कुणालाही मोकळं पाठवायचं नाही. त्याला वाटत होतं की हे पुण्य आपल्याला या वयात मिळालं. रायसिंगनं पाठ फिरवून कुदळ खांद्याला टाकली. कालीबाईनं पदर पुढं केला, पण तिची नजर जमिनीवर होती.

निम्मा वाटा मोकळा झाला होता. निम्मा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. ऊन वर आलं तरी टेकडीची वाट मोकळीच. कमलबाई पाटाच्या काठानं पुढं गेली, तर त्यांच्या वावराच्या बाऱ्यापाशी पळसाची पानं हारीनं मांडलेली, प्रत्येक पानावर ज्वारीची रास, आणि पाखरांनी टिपू नये म्हणून वर दुसरं पान, त्यावर दगड. एक दाणा कमी नव्हता. ती तिथंच बसली. काय चुकलं ते तिला कळेना, पण चुकलं आहे हे कळत होतं.

भाईदासला सांगितलं तेव्हा तो आधी चिडला. माप कमी दिलं का मी? मग वीण्याची वेळ झाली म्हणून देवळाकडं निघून गेला. देवळातून टाळांचा आवाज येत होता. एरवी तो आवाज ऐकला की छगनचा जीव थाऱ्यावर यायचा. त्या दिवशी त्याला तो सोसवेना. काल्याला दोन दिवस राहिले होते. त्यानं गाडी जुंपली, कमलबाईला वर बसवलं आणि पाड्याची वाट धरली.

वाट कसली, नाल्याचं पात्रच ते. प्रत्येक धोंड्यावर चाक आपटलं की छगनचा पाय ठणकायचा. पुढं बैल चढेनात, तेव्हा गाडी सोडून तो कमलबाईच्या खांद्यावर हात ठेवून चढला. भर उन्हात, लोकांदेखत, बायकोच्या खांद्यावर हात. पाड्यातली पोरं पुढं धावली आणि ओरडत सुटली की खालच्या गावचा माणूस लंगडत आला.

रायसिंग घरी नव्हता, की असून बाहेर आला नाही, कोण जाणे. जालमसिंग अंगणात दोर वळत बसला होता. त्यानं खाट टाकायला सांगितली. पाणी आलं. छगननं तांब्या हातात धरला, क्षणभर धरूनच ठेवला, मग प्याला. जालमसिंग दोर वळता वळता ते बघत होता.

बोलली ती कालीबाई. ती दारात उभी होती, कडेवर दिवाल्याचं पोरकं मूल. "मजुरीले बलावतात तर मजुरी लिधी व्हती," ती म्हणाली. "लाह बलाई. लाहले कोणी दाना देस का? आम्हना पदरमा वोत्या, जशा भिकारीले."

"आम्हले माहीत नव्हतं," कमलबाई म्हणाली.

"आनि जेवाडीसन तुम्ही घर चालना ग्यात. कुत्राले टाकीसन जातस तसं."

कमलबाईनं मान खाली घातली. कालीबाईचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त खोल गेला.

मग जालमसिंगनं दोर बाजूला ठेवला. त्यानं सावकाश सांगितलं, जसं पोराला सांगावं. लाहेत धनी आणि चाकर नसतो. ज्याचं काम त्याच्या घरचा थोरला माणूस ओळीत बसतो, पहिला घास तो घेतो, मग बाकीचे खातात. आणि पुढं दुसऱ्याची लाह निघाली की त्या घरचं माणूस तिथं जातं. दाणे देऊन ते फिटत नाही. काल पोरं उपाशी होती म्हणून मी घास घेतला, तो माझा नव्हता.

छगन म्हणाला, "मी बठसू. तुम्हना संगे बठसू."

"तू थोरला शे का?"

छगननं हातातला तांब्या खाली ठेवला.

"काल्याना दिन आम्ही येसूत. तुन्हा बाप बठी तर आम्ही काम पुरं करसूत. नही बठना तर दुपारले कुदळी उचलीसन घर वापस येसूत. राग नही धरानं," जालमसिंग म्हणाला, आणि पुन्हा दोर हातात घेतला.

नाल्यात गाडीशी आल्यावर कमलबाई एवढंच म्हणाली, की थोरल्याला खांदा त्यांचा चालला, पंगत चालेना.

गावात बातमी गाडीच्या आधी पोचली होती. दिवेलागणीला नथ्थू पाटील दारात आला. तो भांडायला आला नव्हता. भाईदासचा तो शिष्यच म्हणायचा, टाळ धरायला म्हाताऱ्यानंच शिकवलेला. खाली मान घालून त्यानं सांगितलं, की भाऊबंद ऐकणार नाहीत. लाहेच्या पंगतीत जो बसेल, त्यानं काल्याला येऊ नये. वीणा तर दूरच.

पाटील गेल्यावर भाईदास मुलावर उसळला. एवढी वर्षं ज्या हातात वीणा राहिला तो हात आता कुणाकुणाच्या पानाशेजारी ठेवू? वावर कोरडं राहिलं तर राहू दे. देव उपाशी ठेवत नाही. छगन म्हणाला, की देव ठेवत नाही, खांडबाऱ्याचा ठेकेदार ठेवतो. बापलेकात असं बोलणं कधी झालं नव्हतं. म्हातारा भिंतीकडं तोंड करून निजला. कमलबाईनं वाढलेलं ताट तसंच राहिलं.

काल्याच्या दिवशी लाह आली. तीच माणसं, त्याच कुदळी, गाणं नव्हतं. रायसिंग छगनकडं न बघता पाटात उतरला आणि इतक्या जोरानं खणू लागला की गाळ उडून त्याच्याच तोंडावर येत होता. पलीकडं देवळात कीर्तन उभं राहिलं. वारा तिकडून होता, कीर्तनकाराचं बोलणं तुटक तुटक पाटापर्यंत येत होतं. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, कुणाची ताजी, कुणाची शिळी, कुणाची आंबलेली. देवानं सगळ्यांची एकात कालवली. छगननं हे कितीदा ऐकलं होतं. त्याची नजर देवळाच्या वाटेवरून हलत नव्हती.

ऊन डोक्यावर आलं. फावडी थांबली. मोकळा पाट मागं लांबवर ओला चमकत होता, आणि पुढं गाळाचा तुकडा उरला होता, जेवणानंतर उरकेल एवढा. कमलबाईनं पानं मांडली. या वेळी तिनं वाकून, पानाला हात लावून वाढलं. दोन पानं जादा मांडली, एक जालमसिंगच्या शेजारी. छगन ओळीत येऊन बसला. सगळ्यांच्या पुढ्यात भाकर होती आणि कुणाचा हात पानाला लागत नव्हता. गाळानं माखलेले, फोड आलेले हात मांड्यांवर ठेवून माणसं बसून राहिली. माशा पानांवर येत होत्या. दिवाल्याच्या पोरानं भाकरीकडं हात नेला तर कालीबाईनं तो हलकेच धरून मागं घेतला.

जालमसिंगनं उन्हाकडं बघितलं. एकेकाची नजर कुदळीकडं जाऊ लागली.

तेव्हा बांधावरून काठीचा ठोका ऐकू आला. भाईदास अनवाणी येत होता, कपाळाला बुक्का, अंगात कीर्तनातला धुवट अंगरखा. वाट नीट दिसत नव्हती म्हणून पाय चाचपत येत होता. रायसिंग उठून पुढं गेला, त्याचा हात धरून त्याला पाट ओलांडून आणला आणि जालमसिंगच्या शेजारी बसवला. वीणा कुठं, असं छगननं विचारलं. नथ्थूच्या गळ्यात घातला, म्हातारा म्हणाला. भुईला टेकवला नाही.

मग तो पानावर हात ठेवून बसला. सगळी ओळ त्याच्याकडं बघत होती.

"जनमभर काला गाया," तो जालमसिंगला म्हणाला. "गातांना गोड लागस रे बाप्पा. खातांना घसामा अडकस."

जालमसिंग म्हणाला, "पानी देऊ का?"

म्हातारा हसला. भाकर मोडली, डाळीत बुडवली आणि पहिला घास तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिला. गिळला, तेव्हा कुठं बाकीचे हात पानांवर आले. पुढं मग कुणी वर मान केली नाही. भूक फार लागली होती. कालीबाईनं ठेचा मागितला आणि कमलबाईला म्हणाली, की बाई, तुझ्या मिरच्या तुझ्या सासऱ्यापेक्षा तिखट. कमलबाई पदरात तोंड घालून हसली. तीही ओळीच्या टोकाला बसली, आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा सासऱ्यादेखत जेवली.

दुपारनंतर गाणं पुन्हा उभं राहिलं. दिवस कलायच्या आत शेवटचं टोपलं काठावर पडलं.

उखा पाटकरी पाण्यापुढं चालत आला. त्याची रीतच ती. फावड्यानं काडीकचरा बाजूला सारत, पाण्याला वाट दाखवत. मागून गढूळ पाणी, तोंडावर फेस आणि पालापाचोळा घेऊन, पाटात उमटलेली पावलं भरत येत होतं. उखानं वाटा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला, तळाला फावडं टेकवून पाहिलं, आणि बाऱ्याची माती काढली. पाणी वावरात वळलं. कोरडी ढेकळं सुस्कारे टाकत बसू लागली. छगन काठावर बसला आणि दुखरा पाय त्यानं पाण्यात सोडला.

काल्याचा प्रसाद झाला का, असं भाईदासनं उखाला विचारलं. झाला, उखा म्हणाला. हंडी फुटली, पंगत उठली. तो फावडं उचलून पाण्यामागं पुढच्या वाट्याकडं गेला. म्हाताऱ्याच्या घरी प्रसाद त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशीही आला नाही. सप्ताहानंतरच्या एकादशीला देवळातून टाळ वाजले, तेव्हा तो ओसरीवर बसून गुडघ्यावर बोटांनी ताल धरत होता. उठला नाही. कुणी बोलवायलाही आलं नाही.

त्याच आठवड्यात रायसिंगचा निरोप आला, की वर ज्वारी कापणीला आली आहे, उद्या लाह. छगनच्या पायाची सूज आता उतरत होती, पण चढण त्याला जमणारी नव्हती. कमलबाईनं विळा दगडावर घासला, भाकर फडक्यात बांधली आणि उजाडताच निघाली. विहिरीवर बाया होत्या. रंजनाबाईनं घागर कडेवर घेत विचारलं, की काय बाई, आता डोंगरातली मजुरी धरली का?

"मजुरी नही," कमलबाई म्हणाली. "लाह शे. आम्हनी पाळी शे."

बाया एकमेकींकडं बघून हसल्या. ती पुढं चालली. पाटावरची फळी ओलांडली, वावराला लागली. बाऱ्याशी ओल अजून होती, पेरलेल्या गव्हाचे कोंब नुकते भुईवर आले होते. नाल्याच्या तोंडाशी तिला मागून काठीचा ठोका ऐकू आला. म्हातारा येत होता, विहिरीवरच्या बायांमधून, सरळ, धोतर गुडघ्यावर खोचलेलं. ती थांबली. तुम्हाला ताट दिसत नाही नीट, कणीस काय दिसणार, असं म्हणणार होती.

भाईदास जवळ आला, दम खाल्ला आणि हात पुढं केला.

"विळा माले दे, माय," तो म्हणाला. "थोरला मी शे."